आरणगावचं मौन आणि डॉल्ट्रीचा गळा

‘बाबा ओरायली’ या गाण्यात पहिलं जवळजवळ पाऊण मिनिट माणसाचा मागमूस नाही. एकटा ऑर्गन वाजत असतो. सुरांचे बारीक तुकडे झरझर एकामागून एक येतात. आकृती तीच, पण दर फेरीला कुठेतरी एखादा सूर सरकलेला. मग पियानोवर तीन भरदार कॉर्ड पडतात : एफ, सी, बी फ्लॅट. जवळपास सगळं गाणं या तिघांवरच उभं आहे. मग कीथ मूनचे ड्रम्स कोसळतात आणि एक मिनिट उलटून गेल्यावर रॉजर डॉल्ट्री तोंड उघडतो. गिटार अजूनही नाही. गाणं लिहिणारा पीट टाउनशेंड हा रॉक संगीतातल्या नावाजलेल्या गिटारवादकांपैकी एक, तरी पहिलं कडवं गाऊन होईपर्यंत त्यानं आपलं वाद्य मागे धरलेलं आहे. आधी त्या माणसाचं म्हणणं ऐका, मग मी येतो, असा तो संयम आहे.

‘द हू’ या इंग्लिश बँडच्या ‘हूज नेक्स्ट’ या ऑगस्ट १९७१मध्ये आलेल्या अल्बमचं हे पहिलं गाणं. नावातले बाबा म्हणजे मेहेरबाबा, आपल्या नगरचे. शहरापासून नऊ-दहा किलोमीटरवर, दौंडच्या रस्त्याला आरणगाव लागतं, तिथल्या मेहेराबादच्या टेकडीवर त्यांची समाधी आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तरी एसटीत बसलेला माणूस अजून ‘नगर’च म्हणतो. ३१ जानेवारीला अमरतिथीच्या दिवशी या टेकडीवर जगभरातून हजारो माणसं जमतात आणि दुपारी बाराला पंधरा मिनिटं एकही जण बोलत नाही. लंडनमधल्या चार आडदांड तरुणांनी कानठळ्या बसतील अशा आवाजात वाजवलेलं गाणं आणि हे मौन यांचा संबंध काय, हे समजून घ्यायचं तर त्या गाण्याच्या गायकाकडे नीट पाहावं लागतं. गाण्याबद्दल बोलताना सगळे टाउनशेंडबद्दल बोलतात, ते रास्तच आहे. पण या गाण्यातली भक्ती खरी होते ती, माझ्या मते, डॉल्ट्रीच्या गळ्यात. आणि तो तर मेहेरबाबांचा भक्त नव्हताच.

मेहेरबाबांचा, म्हणजे मेरवान शेरियार इराणी यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४चा, पुण्याचा. कॉलेजच्या वयात सूफी संत हजरत बाबाजानांची भेट झाली. पुढे शिर्डीचे साईबाबा, साकोरीचे उपासनी महाराज; म्हणजे घडण झाली ती बरीचशी याच जिल्ह्यात. तरुणपणी ते गात असत, कविता करत, ढोलक वाजवत. असा गाणारा माणूस १० जुलै १९२५ला मेहेराबादला मौनात गेला आणि ३१ जानेवारी १९६९ला, पिंपळगाव माळवीजवळच्या मेहेराझाद इथे देह ठेवेपर्यंत, बोलला नाही. सुरुवातीची वर्षं ते इंग्रजी मुळाक्षरांच्या पाटीवर बोट फिरवत आणि जवळचा कुणीतरी ते मोठ्यानं वाचून दाखवी. ऑक्टोबर १९५४मध्ये तीही पाटी सुटली. मग केवळ हातांच्या खुणा, आणि त्यांना शब्द द्यायला शेजारी एरच जेसावाला. सभेत बाबांची बोटं झरझर हलताहेत आणि एरच बोलताहेत. लोक ऐकताहेत ते बाबांना. तिकडे नेवाशाला पैस खांबाशी ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंद बाबांनी लिहून घेतली, ही परंपरेनं चालत आलेली हकिगत आपल्याला ठाऊकच आहे. एकाचा अर्थ दुसऱ्याच्या हातून किंवा तोंडून यावा, ही रीत या मातीला परकी नाही.

टाउनशेंडला मेहेरबाबा कळले १९६७मध्ये, चित्रकार माइक मकिनर्नी या मित्राकडून. प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. तो काळ एलएसडीचा. देव गोळीत सापडतो असं मानणाऱ्या पिढीला बाबांनी १९६६च्या ‘गॉड इन अ पिल?’ या पुस्तिकेतून स्पष्ट नकार कळवला होता आणि टाउनशेंडनं तो मानला. १९६९च्या मे महिन्यात ‘टॉमी’ हा अल्बम आला, तो बाबांच्या निधनानंतर चार महिन्यांच्या आत. त्याचा नायक एक आंधळा, बहिरा, मुका मुलगा आहे. मौनी गुरूच्या शिष्यानं मुका नायक निर्माण करावा हे समजण्यासारखं आहे. पण त्या मुक्या मुलासाठी गाणार कोण? ते काम डॉल्ट्रीकडे आलं.

इथे डॉल्ट्रीची हकिगत सांगायला हवी. जन्म १ मार्च १९४४, युद्धातल्या लंडनचा. वाढला शेफर्ड्स बुश या कामगारवस्तीत. हुशार मुलांच्या ॲक्टन काउंटी ग्रामर स्कूलमध्ये निवड झाली, पण तिथे जमलं नाही आणि पंधराव्या वर्षी हेडमास्तरांनी शाळेतून काढलं. हेडमास्तरांचं नाव किबलव्हाइट. डॉल्ट्रीनं २०१८मध्ये आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याच्या नावातच त्यांचे आभार मानले. शाळा सुटल्यावर तो पत्र्याच्या कारखान्यात लागला. दिवसा पत्रा कापायचा, संध्याकाळी ‘डिटूर्स’ नावाच्या स्वतःच्या बँडमध्ये गिटार वाजवायची. ती गिटारही हातानं बनवलेली. बँड त्याचा होता. जॉन एंटविसलला त्यानं आणलं, पाठोपाठ टाउनशेंड आला. गाणारा आधीचा मुलगा गेला तेव्हा डॉल्ट्री गायला लागला. कुठे वाजवायचं, काय वाजवायचं हे तोच ठरवी, आणि कुणी ऐकलं नाही तर हात उचलायलाही मागेपुढे पाहत नसे.

१९६४मध्ये ‘डिटूर्स’चं ‘द हू’ झालं, मून आला आणि गाणी टाउनशेंड लिहू लागला. बँडची सूत्रं हळूहळू लिहिणाऱ्याकडे गेली. १९६५मध्ये युरोपच्या दौऱ्यावर डॉल्ट्रीनं मूनच्या नशेच्या गोळ्या संडासात ओतून दिल्या, झटापट झाली, आणि बाकी तिघांनी मिळून त्याला बँडमधून काढलं. ज्यानं बँड उभा केला त्यालाच बाहेरचा रस्ता. तो परत आला, पण कबूल करून आला की यापुढे मारामारी नाही. वय एकवीस. पुढच्या सगळ्या कारकिर्दीकडे पाहिलं की वाटतं, या एका कबुलीवर तो गायक म्हणून घडला. दुसऱ्याचं मनोगत आपल्या गळ्यातून मांडायचं हे त्यानं त्यानंतर काम म्हणून पत्करलं. ‘माय जनरेशन’मध्ये तो अडखळत गातो, तेव्हा ते तोतरेपण एका पात्राचं असतं. ‘टॉमी’मध्ये तो वर्षानुवर्षं आतल्या आत कोंडलेल्या मुलाचा आवाज होतो, आणि केन रसेलच्या १९७५च्या चित्रपटात तर त्याचं शरीरही. १९७३मध्ये स्वतःच्या नावावर पहिला अल्बम काढला, त्यातही गाणी दुसऱ्यांचीच होती. लिओ सेयर आणि डेव्हिड कोर्टनी यांच्या गाण्यानं त्याला ब्रिटनच्या पहिल्या पाचांत नेलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या शब्दांना जगवणारा हा गायक आहे. कीर्तनात बुवा अभंग गातात, शेवटी नाममुद्रा येते तुकोबांची, आणि तरीही त्या घटकेला तो अभंग बुवांचाच असतो. डॉल्ट्रीचं गाणं मला त्या जातीचं वाटतं.

आता पुन्हा गाण्याकडे. हे शब्द टाउनशेंडच्या ‘लाइफहाउस’ या मोठ्या, पूर्णत्वाला न गेलेल्या कथेतले आहेत. प्रदूषणानं हवा नासलेली आहे, माणसं घरात बंद, अंगावरच्या पोशाखाला जोडलेल्या जाळ्यातून त्यांना अन्न आणि करमणूक पुरवली जाते. संगीत विस्मरणात गेलंय. स्कॉटलंडमध्ये रे नावाचा एक शेतकरी मात्र अजून मोकळ्या रानात राहतो. तो बायको सॅली आणि दोन मुलांना घेऊन दक्षिणेकडे, लंडनला निघतो, कारण तिथे एका मैफलीत सगळ्यांना एकत्र बांधणारा एक सूर सापडणार आहे. (एका सुराची ही कल्पना टाउनशेंडनं घेतली ती इनायत खाँ यांच्याकडून, म्हणजे आपल्या बडोद्याच्या सूफी गवयाकडून.) गाण्याचं पहिलं कडवं या शेतकऱ्याच्या तोंडचं आहे. मी इथे रानात आहे, राबून पोट भरतो; मी बरोबर आहे हे दाखवायला मला भांडावं लागत नाही, आणि मला कुणाची क्षमाही नको, असा त्याचा आशय.

हे कडवं डॉल्ट्री कसं गातो ते कान देऊन ऐकावं. ओळी आखूड आहेत. प्रत्येक ओळ तो छातीतून, वरच्या पट्टीत ताणून उचलतो आणि शेवटचा शब्द न लांबवता तोडतो. ओळींमधली मोकळी जागा मूनच्या ड्रम्सना मिळते. आवाजात कंप नाही, सजावट नाही, गोडवा तर नाहीच. भांडायची गरज नाही असं शब्द सांगतात आणि आवाज मात्र दंड थोपटून उभा असतो. इथे मला १९६५ची ती कबुली आठवते. पुन्हा हात उचलणार नाही म्हणून परत आलेला माणूस, सहा वर्षांनी, भांडणाची गरज उरली नाही अशी ओळ गातोय, आणि ती गाताना ज्या ताकदीनं तो पूर्वी मारत असे ती सगळी ताकद गळ्यात आणतोय. टाउनशेंडनं ही ओळ रे या पात्रासाठी लिहिली. डॉल्ट्रीनं ती कमावली. हेच शब्द मवाळ आवाजात आले असते तर उपदेश वाटले असते. ज्याला भांडण ठाऊक आहे त्याच्याच तोंडी ते शोभतात.

क्षमा नको, हे वाक्य मात्र मला बराच काळ खटकत असे. मेहेरबाबांनी १९५२मध्ये सांगितलेली पश्चात्तापाची प्रार्थना समाधीवर म्हटली जाते. तीत एकेका चुकीचा उच्चार करून ईश्वराकडे क्षमा मागितलेली आहे. गाणं ज्यांच्या नावाचं त्यांच्या प्रार्थनेच्या अगदी उलट बोलणारा हा शेतकरी कसा? उत्तर गाण्याच्या रचनेत आहे. पहिल्या कडव्यातला माणूस अजून निघालेला नाही. तो आपल्या रानात, आपल्या पायांवर ताठ उभा आहे. दुसऱ्या कडव्यात तो सॅलीचा हात धरतो, आणखी वय होण्याआधी निघू या म्हणतो. ताठपणातून निघण्यापर्यंत गाणं सरकतं. दसऱ्यानंतर पाथर्डी-शेवगावकडून बैलगाड्या नि ट्रॅक्टर भरभरून ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्यांच्या या जिल्ह्याला, रान सोडून बायकोमुलांसह दक्षिणेची वाट धरणं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. पोटासाठी निघालेली ही माणसं आणि एका सुरासाठी निघालेला तो रे यांत फरक आहे, पण कोयंडा लावून मागे न पाहता चालू लागणं दोघांनाही सारखंच जड.

आणि या दोन कडव्यांच्या मध्ये एक वेगळाच आवाज येतो. वाद्यं माघार घेतात, ऑर्गन फिरत राहतो, आणि टाउनशेंड स्वतः गातो. त्याचा गळा बारीक, कोवळा, जवळजवळ पोरगेला. तो कुणा रडणाऱ्याला समजावतोय; सभोवतालचं सगळं उजाड झालेलं, आणि ते उजाडपण कोवळ्या वयाचं आहे. वुडस्टॉक महोत्सवाच्या चिखलात नशेनं भान हरपलेली मुलं त्यानं पाहिली होती. तो अनुभव या ओळींमागे आहे, असं त्यानं सांगितलंय. त्याच्या आवाजात तक्रार नाही, कळवळा आहे. इथे दोघांच्या गळ्यांची वाटणी उलगडते. रानातला माणूस जगापुढे उभा राहतो तेव्हा डॉल्ट्री हवा. एका मुलाच्या कानाशी बोलायचं तेव्हा टाउनशेंड. पण तो हळवा आवाज फार टिकत नाही. ड्रम्स परत कोसळतात, डॉल्ट्री परत येतो. आज मोठमोठ्या स्टेडियममध्ये हजारो लोक गाण्यातले ‘टीनएज वेस्टलँड’ हे उजाडपणाचे दोन शब्द हात उंचावून जल्लोषानं म्हणतात आणि तेच गाण्याचं नाव आहे अशी अनेकांची समजूत आहे. १२ ऑगस्ट २०१२ला लंडन ऑलिंपिकच्या समारोपातही ‘द हू’नं हे गाणं वाजवलं. जो विलाप होता त्याचा उत्सव झाला. मला यात गाण्याचं अपयश दिसत नाही. डॉल्ट्री ते शब्द अशा जोमानं गातो की उजाड माळावर उभं राहूनही माणसाला आपण एकटे नाही असं वाटावं. जल्लोष तिथून येतो.

नावातला दुसरा अर्धा भाग अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांचा. ‘इन सी’ ही त्यांची १९६४ची रचना : छोटे छोटे स्वरसमूह पुन्हा पुन्हा वाजवायचे आणि वादकांनी आपापल्या गतीनं पुढे सरकायचं. ‘बाबा ओरायली’मधल्या ऑर्गनचं फिरणं तिथून आलं. बाबांची उंची-वजनासारखी माहिती सिंथेसायझरला पुरवून हे सूर निर्माण झाले, अशी आख्यायिका पसरली आहे. माणसाच्या माहितीतून त्याचं संगीत घडवायचं हा ‘लाइफहाउस’मधला बेत खरा होता, पण इथे वाजतो तो लाउरी कंपनीचा घरगुती ऑर्गन, त्यातल्या मरिंबा नावाच्या सोयीनं तुकडे तुकडे झालेला, टाउनशेंडनं हातानं वाजवलेला. मूळ ध्वनिमुद्रण नऊ मिनिटांहून मोठं होतं. गाण्यात त्यातला काही भाग घेतला. मला या तपशिलात मोठा आनंद होतो, कारण ज्याला यंत्राची करामत समजतात तिथे एक माणूस घरी बसून तासन् तास वाजवत होता. आणि रायलींचं पुढे काय झालं? १९७०पासून ते किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेला रुजवलेल्या घराण्याची दुसरी फांदी अशी कॅलिफोर्नियात गेली. म्हणजे या गाण्याच्या नावातली दोन्ही माणसं आपल्या अंगणाशी जोडलेली आहेत.

शेवटी व्हायोलिन. कल्पना कीथ मूनची, वाजवलं ‘ईस्ट ऑफ ईडन’ बँडच्या डेव्ह आर्बसनं. शब्द संपलेले असतात. व्हायोलिन आधी लांब सूर ओढतं, मग लय चढते, चढतच जाते, पूर्व युरोपातल्या लग्नाच्या नाचासारखी अंगात येते आणि एका झटक्यात सगळं थांबतं. पाच मिनिटं आणि काही सेकंद. रेचा प्रवास पुरा झाला का, तो एक सूर सापडला का, हे कळत नाही. निघालेल्या माणसाला शेवटी शब्द पुरत नाहीत, एवढं मात्र गाण्याला ठाऊक आहे. मेहेरबाबांना भेटायला न मिळालेल्या शिष्यानं त्यांच्या नावाच्या गाण्याचा शेवट निःशब्द ठेवला, हे मला या गाण्यातलं सगळ्यांत नेमकं वंदन वाटतं. बाबांचं नाव गाण्यात कुठेही उच्चारलेलं नाही.

टाउनशेंडनं बाबांसाठी थेट भक्तिगीतंही केली. त्यांची परवरदिगार प्रार्थना त्यानं संगीतात बसवली. १९७२च्या ‘हू केम फर्स्ट’ या त्याच्या अल्बममध्ये ती आहे. बाबांना जिम रीव्ह्ज आवडायचा म्हणून त्याचंही एक गाणं तिथे आहे. बाबांना प्रिय असलेलं कोल पोर्टरचं ‘बिगिन द बिगीन’ त्यानं आधीच गाऊन ठेवलं होतं. तेच गाणं बाबांच्या अंत्यदर्शनाच्या वेळी मेहेराबादला वाजलं होतं. ही सगळी ध्वनिमुद्रणं प्रेमानं केलेली, ऐकावीत अशी आहेत. पण त्यांत टाउनशेंड आपल्या कोवळ्या गळ्यानं आपलीच श्रद्धा गातो, आणि ऐकणारा बाहेर उभा राहून पाहतो. ‘बाबा ओरायली’मध्ये ऐकणारा आत ओढला जातो, कारण गाणारा स्वतः बाहेरचा आहे. बाबांवर विश्वास आहे की नाही हा प्रश्न डॉल्ट्रीच्या आवाजापुढे गैरलागू होतो. रानातल्या त्या माणसावर त्याचा विश्वास आहे, आणि तेवढा पुरतो.

ज्यांनी हे गाणं फक्त ऐकलंय त्यांनी २५ मे १९७८चं शेपर्टन स्टुडिओतलं चित्रीकरण जरूर पाहावं. ‘द किड्स आर ऑलराइट’ या माहितीपटात ते आहे. त्यात व्हायोलिनच्या जागी डॉल्ट्री माउथऑर्गन वाजवतो. शब्द संपल्यावर मुख्य गायकाला रंगमंचावर काम उरत नाही. बहुतेक गायक अशा वेळी टाळ्या मागतात किंवा बाजूला होतात. हा गडी तोंडाला बाजा लावतो आणि जो श्वास इतका वेळ शब्दांना दिला तोच चढत्या लयीला देतो. पुढे कितीतरी वर्षं मंचावर हेच चाललं. २०१९च्या दौऱ्यात सोबत पूर्ण वाद्यवृंद होता, तेव्हा ती जागा केटी जेकबी या व्हायोलिनवादिकेला मिळाली. पंचाहत्तरीचा डॉल्ट्री शेवटच्या भागात तिचं व्हायोलिन ऐकत असे.